खेळ संजीवनीचा, तोरा अमरचा

दिवाळी झाली की आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे मंडईचे दिवस सुरू होतात. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी आधीच सांगतो, ही मंडई म्हणजे भाजी मार्केट नव्हे. गावोगाव मंडईचा दिवस ठरलेला असतो. दुकानं लागतात, लेकी माहेरी येतात, पाहुण्यांना घरात बसायला जागा उरत नाही. दिवसा दंडार, रात्री झाडीपट्टीचं नाटक. आणि बऱ्याच गावांत कबड्डीचे सामने.

तर गेल्या वीकएंडला मी मामाजींकडे गेलो होतो. मामाजींचं गाव तिरोडा तालुक्यात, बोदलकसाच्या तलावापासून फार लांब नाही. शनिवारी रात्री शेजारच्या गावात सामने होते, ते दोघांनी मिळून बघितले. रविवारी सकाळी तलावाच्या पाळीवर बसून आम्ही त्याच सामन्यावर दोन तास वाद घातला. पाण्यात पाहुणे पक्षी उतरलेले, पलीकडे नागझिऱ्याचं जंगल, आणि आम्ही दोघं पक्ष्यांकडे ढुंकूनही न बघता लेफ्ट कॉर्नरवर भांडतोय! हा लेख त्या भांडणातून निघालाय. गावाचं आणि खेळाडूंचं नाव मुद्दामच देत नाही. पोरं विशीतली आहेत, त्यांना अजून खेळायचंय.

सामना उपांत्य फेरीचा होता. एका संघाचा कप्तान म्हणजे अस्सल स्टार. असेल बावीस-तेवीस वर्षांचा. उंच, चपळ, पायाला स्प्रिंग लावल्यासारखा. चढाईला निघताना मध्यरेषेवर थांबायचा, प्रेक्षकांकडे वळायचा, मांडीवर थाप मारायचा आणि मगच आत शिरायचा. गुण घेऊन आला की हात कानामागे. "आवाज येत नाहीये" असा तो इशारा. मग आवाज यायचाच. त्यात माईकवरचा माणूस भलताच जोरात होता. "पुढच्या चढाईला अमुक भाऊंकडून १०१ रुपये!" "दोन गडी मारले तर तमुक भाऊंकडून २०१!" आपल्याकडच्या कबड्डीत ही पद्धत आहे, नवीन काही नाही.

सहा मिनिटं उरली होती आणि स्टारचा संघ तीन गुणांनी पुढे होता. मैदानावर त्यांचे चारच गडी. कबड्डी थोडीफार कळणाऱ्या कुणालाही अशा वेळी काय करायचं ते माहीत असतं. घाई करायची नाही, निदान रेषा ओलांडून परत यायचं, वेळ काढायचा. पण २०१ रुपये जाहीर झाले होते. पठ्ठ्याने एक गडी टिपला. तिथून वळला असता तर गुण पक्का होता. तो वळला नाही. दुसऱ्यासाठी परत आत शिरला, आणि कोपऱ्याने घोटा धरला. पाठोपाठ साखळी अंगावर. टिपलेला गडी राहिला मैदानात आणि हा बाहेर. एक गुण मिळवायचा तो एक गुण देऊन बसला.

हे होऊ शकतं. कबड्डीत चढाई फसतेच, त्याबद्दल मी हा लेख लिहिला नसता. मला जे टोचलं ते त्यानंतरचं.

कप्तान बाहेर येऊन बसला. आधी टॉवेल आपटला. मग आपल्याच कोपऱ्याच्या गड्यावर ओरडला. मग मित्राच्या हातातून मोबाईल घेतला आणि त्यात बघायला लागला. मित्र सामना शूट करत होता, म्हणजे बहुतेक स्वतःचीच एखादी चढाई बघत असावा. इकडे मैदानात त्यांचे तीनाचे दोन झाले होते. दोन चढाया रिकाम्या गेल्या, तिसरी 'करो या मरो'ची. ती करायला निघालं एक सतरा-अठरा वर्षांचं पोरगं. निघण्याआधी त्याने बाहेर बसलेल्या कप्तानाकडे बघितलं. काय करू, डावीकडून जाऊ की उजवीकडून, एवढंच विचारायचं असेल. कप्तानाची मान खाली, मोबाईलमध्ये. पोरगं दोन सेकंद थांबलं, आणि गेलं. अर्थात बाद झालं. मग उरलेला एकटा, मग लोण. लोण चढल्यावर सगळे परत आत आले, आपला हिरोही आला, पुन्हा मांडी ठोकली. पण सामना हातातून गेला होता. चार गुणांनी हरले.

मला त्या रात्री झोप लागेपर्यंत त्या पोराची ती दोन सेकंदं दिसत होती.

सकाळी पाळीवर मी सुरुवात केली ती सगळे करतात तशीच. म्हटलं, मामाजी, टीव्हीने पोरं बिघडवली. प्रो कबड्डी आली, लाईट आले, म्युझिक आलं, आता खेळ कमी आणि नखरे जास्त. मामाजी स्वतः तरुणपणी कोपऱ्यात खेळलेले, माझी अपेक्षा होती की ते जोरात मान डोलावतील. ते म्हणाले, "काहून गा बापू, मांडी काय टीव्हीनं ठोकाले शिकवली? आमी नव्हतो ठोकत का?"

आणि हे खरंच आहे. शड्डू ठोकणं हे आखाड्यातलं आहे, टीव्हीच्या कितीतरी आधीचं. कबड्डीने ते तिथूनच उचललं. आधीची पिढी साधी सोज्वळ आणि आत्ताची उर्मट ही आपली आवडती थाप आहे (मांडीवरची नव्हे!). ती मारणं सोपं असतं, कारण मग आपल्याला पुढे काही विचार करावा लागत नाही. तर तो मुद्दा मी तिथल्या तिथे मागे घेतला.

मग चूक कुठे? मामाजींनी एका वाक्यात सांगितलं. "पोट्टा खेळते चांगला. पन त्याले बसता येत नाही."

बसता येत नाही! मी हे वाक्य घेऊन आठवडाभर फिरतोय. कारण कबड्डीचा अख्खा गाभा त्यात आहे, आणि टीव्हीसमोर बसून हायलाईट्स बघणाऱ्या माझ्यासारख्यांना तो कधी दिसलाच नव्हता.

बघा. पूर्वी हुतूतू तीन तऱ्हांनी खेळत. एक 'अमर'. त्यात बाद झालेला गडी बाहेर जातच नसे, समोरच्याला गुण मिळायचा आणि गडी मैदानातच. दुसरा 'गनिमी'. त्यात बाद झाला की संपलं, सगळा संघ बाद होईपर्यंत तो बाहेर. आणि तिसरा 'संजीवनी'. त्यात बाद झालेला बाहेर जायचा, पण त्याच्या संघाने समोरचा गडी मारला की तो परत जिवंत. आज आपण जी कबड्डी खेळतो, तिरोड्याच्या मंडईत काय आणि आशियाई खेळांत काय, ती या संजीवनीवर बेतलेली आहे.

या नियमाचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुम्ही कितीही मोठे स्टार असा, बाद झालात की स्वतःला जिवंत करू शकत नाही. तुम्हाला परत आणतो तो दुसरा कोणीतरी. बऱ्याचदा तुमच्यापेक्षा कच्चा, तुमच्यापेक्षा घाबरलेला, तुमच्याइतक्या टाळ्या कधीच न मिळालेला. शिवाय परत यायचं तेही रांगेने, जो आधी बाद झाला तो आधी आत. कप्तान म्हणून रांग मोडता येत नाही. आणखी एक गंमत. बोनस गुण घेतला तर तो धावफलकावर चढतो, चढाईपटूच्या नावावर लागतो, पण त्या गुणावर बाहेरचा कोणी जिवंत होत नाही. म्हणजे गुण-गुणातही फरक आहे. एक गुण असा की ज्याने फक्त माझा आकडा वाढतो, आणि एक असा की ज्याने माझा भाऊ उठून आत येतो. हे नियम ज्यांनी घडवले त्यांना माणसाचा स्वभाव चांगलाच माहीत असला पाहिजे.

बास्केटबॉलमध्ये असं नाही. तिथे मायकेल जॉर्डनचा फटका चुकला तरी तो मैदानातच असतो, पुढचा फटका परत तोच मारू शकतो. फाउलची मर्यादा संपेपर्यंत त्याला नियमाने कोणी बाहेर बसवत नाही. आणि तरीही जॉर्डनची गोष्ट काय आहे? १९८६-८७ च्या मोसमात गडी सामन्यामागे ३७ गुणांच्या सरासरीने खेळला, सगळ्या लीगमध्ये पहिला. जीभ बाहेर काढून हवेत उडणं, समोरच्याला टोमणे मारणं, सगळं होतं. विजेतेपद मात्र १९९१ मध्ये आलं. मधली तीन वर्षं, १९८८ ते १९९०, डेट्रॉईटने शिकागोला ओळीने हरवलं. पुढे १९९७ च्या अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात, स्कोअर ८६-८६, शेवटची काही सेकंदं, सगळं जग जॉर्डनकडे बघतंय, आणि त्याने चेंडू दिला स्टीव्ह करला. करने फटका मारला आणि शिकागो जिंकली. जीभ त्याने तेव्हाही आत घेतली नव्हती. जे त्याला दहा-बारा वर्षांत शिकावं लागलं, ते आपल्या खेळात पहिल्या दिवसापासून नियमात लिहिलेलं आहे. आणि आपल्याला ते दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तत्त्वज्ञान ठीक, पण स्टारशिवाय सामने जिंकता येतात का? येतात, आणि स्टार असून हरताही येतात. पवन सेहरावतचंच बघा. त्याच्या ताकदीबद्दल शंका घेणाऱ्याने आपले डोळे तपासावेत. २०१९ च्या मोसमात त्याने एका सामन्यात ३९ गुण घेतले होते. एका सामन्यात! २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने त्याला २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात गुडघा गेला आणि त्याचा मोसम संपला. सगळ्यांनी थलैवाजचा निकाल लावून टाकला. मीही लावला होता. तोवर हा संघ एकदाही प्लेऑफमध्ये गेला नव्हता. त्या वर्षी नरेंदरसारखं नवखं पोर आणि अजिंक्य पवारसारखे आपले गडी खेळले, आणि थलैवाज उपांत्य फेरीत पोचले. पुढच्या मोसमात तेलुगू टायटन्सने पवनला २ कोटी ६० लाखांच्या वर मोजून घेतलं, कप्तान केलं. त्याने दोनशेच्या वर गुण घेतले. आणि संघाने २२ पैकी २ सामने जिंकले. शेवटचा नंबर.

हा पवनचा दोष आहे असं मी म्हणत नाहीये. गडी जीव तोडून खेळला. पण तो बाहेर बसला की त्याला उठवून आत आणणारं कोणी नव्हतं. संजीवनी विकत मिळत नाही, एवढंच.

त्याच मोसमात दुसऱ्या टोकाला काय होतं ते आपल्या पुण्याचंच उदाहरण आहे. पुणेरी पलटणचा कप्तान होता अस्लम इनामदार, अहमदनगर जिल्ह्यातल्या गावातून आलेला पोरगा. आणि त्याच संघात होता इराणचा मोहम्मदरेझा शादलुई. शादलुईची पकड झाली की त्याचे हावभाव बघण्यासारखे असतात. समोरच्याला खिजवेल, प्रेक्षकांना चेतवेल, अंगावर धावून जाईल. शोबाजीची स्पर्धा ठेवली तर बाकीच्यांनी घरीच बसावं. तो त्या मोसमातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. मग शोबाजीने संघ बुडाला का? मुळीच नाही. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये पलटणने हरियाणाला २८-२५ ने हरवून पहिल्यांदा विजेतेपद घेतलं. पुढच्या मोसमात शादलुई हरियाणाकडे गेला आणि हरियाणा जिंकली! म्हणजे मांडी ठोकल्याने संघ हरतो हा मुद्दा तर निकालातच निघतो.

पण मला सांगायचंय ते अस्लमबद्दल. त्या अंतिम सामन्यात पलटणकडून सगळ्यात जास्त गुण कप्तानाचे नव्हते. पंकज मोहितेचे होते. कप्तानाला हे चालतं का, यात सगळं आलं. ज्याला चालतं, त्याच्या संघात शादलुईसारखा वादळी माणूसही खपून जातो. ज्याला चालत नाही, त्याच्या संघात दुसरा कोणी मोठाच होत नाही.

हेच २०१६ च्या अहमदाबादच्या वर्ल्ड कपमध्ये झालं होतं. अंतिम सामन्यात मध्यंतराला भारत इराणच्या मागे होता, १३-१८. कप्तान अनुप कुमार. स्पर्धेची सुरुवातच कोरियाकडून हरून झालेली, आणि आता घरच्या मैदानावर नाक कापलं जायची वेळ. अनुपचा चेहरा बघितला असता तर वाटलं असतं हा बसस्टॉपवर उभा आहे. त्या सामन्यात १२ गुण घेतले अजय ठाकूरने, आणि भारत ३८-२९ ने जिंकला. त्या सामन्याचा हिरो अजय ठाकूर, आणि ते बरोबरच आहे. कप्तानाने चढाईचा हट्ट धरला असता तर?

इथपर्यंत मामाजी माझ्याशी सहमत होते. पुढे मी म्हटलं की त्या रात्रीच्या पोराला कप्तानपदावरून काढलं पाहिजे. तर ते माझ्यावरच उलटले. "त्याले कप्तान कोनं केलं? तुमीच केलं लोकाईनं. तू बी तं शिट्ट्या मारत होतास."

खरं सांगतो, मारत होतो. :-)

आणि इथे माझ्या लेखाचा रोख बदलतो, कारण मामाजींनी बोट बरोबर जागी ठेवलं. त्या रात्री माईकवरून जितकी बक्षिसं पुकारली गेली, त्यातली जवळजवळ सगळी चढाईला होती. घोटा धरणाऱ्या कोपऱ्याला? एकदा, तेही स्टारची पकड झाली म्हणून. साखळीत मागून येऊन कंबर धरणाऱ्याला? काही नाही. आपला गडी जिवंत करणाऱ्या साध्या एका गुणाला? काही नाही. 'दोन गडी मारले तर २०१' असं पुकारून आपण एका बावीस वर्षांच्या पोराला भर सामन्यात सांगत होतो की वळू नको, परत आत जा. तो गेला. मग पकडला गेला तर म्हणायचं, पोरगं हावरट आहे. हावरट कोण? त्याला पैसे दाखवणारे आपण साळसूद!

शंभर-दोनशे रुपये म्हणजे आपल्याला काहीच वाटत नाही. पण इथल्या पोरांसाठी कबड्डी हा हौसेचा खेळ नाही हे लक्षात घ्या. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पोलिसात, रेल्वेत, वनखात्यात खेळावर लागलेला एखादा तरी पोरगा आसपासच्या गावांत सगळ्यांना माहीत असतो. धानाच्या दोन-तीन एकरात घर चालत नाही, मग पोरं पहाटे उठून सराव करतात ते या एका आशेवर. आणि निवड कुणाची होते? जो दिसतो त्याची. ज्याची रील फिरते त्याची. सतरा वर्षांच्या त्या पोराला 'करो या मरो'ची चढाई कशी करायची ते कोणी शिकवलं नाही, ती चढाई फसली म्हणून पुढच्या वेळी त्याला बाहेर बसवतील, आणि तो जून महिन्यात हैदराबादला नाहीतर सुरतेला कामाला जाईल. कप्तानाने मान वर करून एक बोट डावीकडे दाखवलं असतं तर तो वाचलाच असता असं मी म्हणत नाही. पण विचारायला कोणीतरी होतं, एवढं तरी त्याला कळलं असतं.

समोरच्या संघाचा कप्तान सांगायचा राहिला. तिशी ओलांडलेला, पोट थोडं सुटलेलं, लेफ्ट कॉर्नर. सामनाभर फक्त नावं घेत होता. "मागं ये." "हात धर." "थांब, थांब, थांब." पहिल्या डावात तो स्वतः बाद होऊन बराच वेळ बाहेर होता, तर रेषेपाशी उकिडवा बसून बोटांनी खुणा करत होता. आत असताना आणि बाहेर असताना त्या माणसात काही फरकच पडत नव्हता. त्यानेही सामन्यात एकदा मांडी ठोकली. एकदाच. त्यांच्यातल्या एका काटकुळ्या पोराने स्टारला एकट्याने रोखलं, तेव्हा हा धावत गेला, त्या पोराचा हात वर केला, प्रेक्षकांना दाखवला, आणि त्याच्यासाठी मांडी ठोकली. ते पोरगं लाजून खाली बघत होतं. नंतर त्या पोराने आणखी दोन पकडी केल्या.

शोबाजी तीही होतीच की. फक्त बोट कोणाकडे होतं ते बघा.

आता स्वतःबद्दल थोडं, नाहीतर तुम्ही म्हणाल खुर्चीत बसून दुसऱ्यांना शहाणपण शिकवतोय. काही वर्षांपूर्वी आमच्या टीममध्ये मी स्टार होतो. एक किचकट मॉड्यूल होतं, ते पूर्णपणे माझ्या डोक्यात. कागदावर काही नाही. रात्री दोनला काही बिघडलं की मी उठायचो, वीस मिनिटांत दुरुस्त करायचो, आणि सकाळी सगळ्यांना जाणारा कौतुकाचा ईमेल वाचायचो. एकदा सुट्टीवर असताना सिस्टिम बसली. मी फोन बघितला तर ज्युनियरचे अकरा मिस्ड कॉल. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की वा, माझ्याशिवाय चालत नाही! ते पोर तिकडे क्लायंटच्या शिव्या खात होतं, एकटं. पुढे दोन महिन्यांत त्याने नोकरी सोडली. त्याला मी कधीच काही शिकवलं नव्हतं, कारण तो शिकला असता तर मला फोन कोणी केला असता? तेव्हा त्या मोबाईलमध्ये मान घातलेल्या कप्तानाला मी चांगलाच ओळखतो. खेळ संजीवनीचा होता आणि मी अमरच्या तोऱ्यात होतो. फरक एवढाच की मला कोणी टाळ्यांबरोबर १०१ रुपये देत नव्हतं, अप्रेझल देत होतं.

मग करायचं काय? फार मोठं काही नाही. मंडईच्या सामन्यांत बक्षिसं जरूर पुकारा, त्याशिवाय मजा नाही. पण चढाई सुरू असताना, गडी आत असताना पुकारू नका. सामना संपल्यावर द्या. आणि पुकारायचीच असतील तर 'जो आपल्या बाहेरच्या गड्याला आत आणेल त्याला १०१' अशी पुकारा. बघा, महिन्याभरात खेळ बदलेल. पकडीला चढाईइतकेच पैसे द्या, आणि ते साखळीतल्या सगळ्यांत वाटा. कप्तान निवडताना त्याने किती गुण घेतले हे बघू नका. तो बाद झाल्यावर बाहेर बसून काय करतो ते दोन सामने बघा. तिथे जो सापडेल तो कप्तान. मग तो चढाईवाला असो, कोपरा असो, मांडी ठोकणारा असो नाहीतर मुका. आणि निवड करायला जे साहेब येतात त्यांना कोणीतरी हे सांगा की रील मोबाईलवर दिसतेच, तुम्ही मैदानात आलाच आहात तर रेषेबाहेर बसलेल्यांकडेही बघत चला.

मांडी ठोकू नका असं मी कोणालाही सांगणार नाही. थंडीच्या रात्री, फोकसच्या उजेडात, मातीवर ती थाप पडते तेव्हा माझ्याही अंगावर काटा येतो. पुढच्या मंडईलाही मी शिट्ट्या मारणारच आहे.

उठताना मामाजींना विचारलं, तुम्ही खेळायचात तेव्हा तुमचा कप्तान कसा होता? जरा वेळ पाण्याकडे बघत राहिले. म्हणाले, "नाव घ्याचा गा आमचं. बाहेरून बी. आमाले वाटे, हा अजून आतच आहे."

असो. उद्या सोमवार. नवीन आलेल्या पोरीला ते जुनं मॉड्यूल समजावून सांगायचंय, सकाळी दहाची वेळ दिलीये. तीन वर्षं उशीर झालाय, पण दहाला नक्की.